दोष हाताचा की टायरचा?

 

आम्ही पवन मावळातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी. बोलणारी एक असली तरी आजचं हे बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून बसून लिहून काढलंय, म्हणून आम्ही 'आम्ही'च म्हणणार. आज आम्ही पापडाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय मोटरसायकलबद्दल. टायर, शॉकअप, कोन सेट, बुश, असल्या गोष्टींबद्दल. हसू नका. वर्षापूर्वी कुणी आम्हाला हे शब्द सांगितले असते, तर आम्हीही हसलो असतो. हसू बंद कसं झालं, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या तिघी जणी गाडी चालवतात. त्यातली एक दूध घालते. तिचं नाव इथं घ्यायचं नाही असं तिनंच सांगितलंय, म्हणून आपण तिला दूधताई म्हणू. तिच्या मालकांना चाकणच्या बाजूला कंपनीत काम लागलं, कंपनीची बस त्यांना नेते-आणते. घरची मोटरसायकल अंगणात उभी राहायला लागली. २०१३ सालची गाडी. दूधताईनं ती शिकून घेतली. रोज पहाटे दोन कॅन बांधून दूध संकलन केंद्रावर जायचं, आणि शनिवारी गटाचा इंद्रायणी तांदूळ घेऊन लोणावळ्याला. तिथं आमची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. आपल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेला हा तांदूळ, त्याच्या वासावर गिऱ्हाईक येतं. पण गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत तो पोचवणार कोण? आमची दूधताई.

मागच्या आषाढातली गोष्ट. शनिवार होता. पाऊस नुसता ओतत होता. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहरात पडतो त्याच्या पाच-सहा पट. पवनानगरकडून लोणावळ्याला जाताना दुधिवरे खिंड लागते. मागं तांदळाची दोन पोती, आणि पोत्यांच्या पुढं गटातलीच एक काकी बसलेली. खिंड ओलांडून उतार लागला, वळण आलं, समोरून पर्यटकांची गाडी आली. दूधताईनं ब्रेक दाबला. मागचं चाक एकदम बाजूला गेलं आणि दोघी रस्त्यावर. मागून येणारी मोटार हातभर अंतरावर थांबली म्हणून आज आम्ही अकराच्या अकरा आहोत.

दूधताईचं कोपर आणि गुडघा सोलपटला. काकीचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, तेही ऐन भातलावणीत. ज्या बाईची लावणीची मजुरी हे तिच्या वर्षाच्या मिठामिरचीचे पैसे, तिचे सहा आठवडे गेले. एक पोतं चिखलात फुटलं.

आणि मग बोलणी सुरू झाली. "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." "हिला ब्रेक कळत नाही." "घाटात बायांनी कशाला जावं?" घरच्यांनी किल्ली काढून घेतली. दूधताईलाही वाटायला लागलं की चूक आपलीच. पंधरा दिवस ती पायी कॅन घेऊन गेली. बैठकीला आली की काकीच्या प्लॅस्टरकडं बघायची नाही.

आमच्या थोरल्या काकू एकदा बैठकीत म्हणाल्या, "अगं, बैलाच्या पायाची पत्री झिजली आणि बैल घसरला, तर आपण बैलाला नावं ठेवतो का? पत्री मारून आणतो. गाडीचे पाय कुणी बघितलेत का?" कुणीच बघितले नव्हते. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात सर्व्हिसिंग झालं होतं. ऑइल बदललं, गाडी धुऊन चकाचक करून दिली, आणि सांगितलं सगळं ठीक आहे. धुतलेली गाडी ठीकच दिसते.

मग आम्ही चौघी जणी गाडी टेम्पोत घालून कामशेतला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं घेऊन गेलो. दादांनी आधी विचारलं, "गाडी कोण चालवतं?" दूधताई पुढं झाली. ते तिच्याशीच बोलायला लागले, हे आम्हाला फार बरं वाटलं. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. तिला म्हणाले, "मागच्या टायरवर हात फिरव." तिनं फिरवला. मधोमध टायर पार गुळगुळीत. त्यांच्या भाषेत टायरचा गोटा झालेला. मग त्यांनी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं ढकललं. खट्‌, खट्‌ असा आवाज आला. पुढच्या दांडीवर बोट फिरवून दाखवलं, बोटाला तेल लागलं. सीट दाबून सोडली, तर गाडी चार वेळा वर-खाली झाली. म्हणाले, "ताई, एवढ्या गाडीवर तू दोन वर्षं घाट चालवलास. तुला गाडी येत नाही असं कोण म्हणतं?"

दूधताई तिथंच रडली. आम्हीही डोळे पुसले. पण रडून गाडी नीट होत नाही. खर्च विचारला. टायर-ट्यूब, पुढचं तेल-सील, कोन सेट, मागचे बुश, मागचे दोन्ही शॉकअप, मजुरी, सगळं मिळून सहा हजारांच्या वर जात होतं. गटात वाद झाला. अंतर्गत कर्ज शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, टायरला कसं द्यायचं? टायर काही पिल्लं देत नाही. पण काकीनं प्लॅस्टरचा हात वर केला आणि म्हणाली, "याचा खर्च लिहा आधी." दवाखाना, बुडालेली मजुरी, फुटलेलं पोतं, पंधरा दिवसांचं दुधाचं कमी-जास्त. हिशेब वहीत मांडला, आणि वाद संपला. पैसे मात्र एकदम नव्हते. म्हणून पहिल्या महिन्यात दोन्ही टायर, दुसऱ्या महिन्यात बाकीचं, असं ठरलं.

त्याचा एक फायदा झाला. एकदम सगळं बदललं असतं तर कशानं काय फरक पडतो ते आम्हाला कधी कळलं नसतं. तेच आज सांगायचंय.

आधी टायर. गाडीचा टायर रस्त्याला किती टेकतो, माहीत आहे? जेमतेम आपल्या तळहाताएवढा. पुढचा एक तळहात, मागचा एक तळहात, एवढ्यावर गाडी, आपण, मागं बसलेली बाई आणि तांदूळ. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. पावसात त्या खाचांतून पाणी बाजूला जातं आणि रबर रस्त्याला भिडतं. खाचा गेल्या की पाण्याला वाट राहत नाही. टायर पाण्याच्या पातळ थरावर चालतो, आणि तिथं ब्रेक दाबला की चाक थांबतं पण गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. आपला वरवंटा घ्या. नवा असताना गोल असतो. वर्षानुवर्षं वाटून वाटून एका अंगानं चपटा झाला की पाट्यावर फिरवताना तो त्या चपट्या अंगावर बसून राहतो आणि मग एकदम पलटी मारतो. टायरचंही तेच. मोटरसायकलचा टायर कडेपर्यंत गोलसर असतो, कारण गाडी वळताना कलते. सरळ रस्त्यावर चालून चालून तो मधोमध चपटा होतो. मग वळणावर गाडी कलायला नको म्हणते, जोर लावला की चपट्या भागाच्या कडेवरून एकदम खाली जाते. दूधताई म्हणायची, "गाडी वळणावर दचकते." आम्हाला वाटायचं तिचीच छाती धडधडते म्हणून तसं वाटत असेल. दचकत होती ती गाडीच.

नवे टायर घातले त्या दिवशी ती गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई गं, ही गाडी आपली नाहीच!" वळणावर गाडी आपणहून कलत होती, हलकी झाली होती. ती ऐकून आम्हाला आनंद झाला. पण इथंच एक धोका आहे, तो नीट ऐका. इतकी वर्षं ती जड गाडीला जोर लावून वळवत होती. हाताला तीच सवय. नव्या टायरवर तेवढाच जोर लावला आणि पहिल्याच वळणाला गाडी जास्त आत गेली. समोरून कुणी नव्हतं म्हणून बरं. नवा टायर म्हणजे हातानं सगळं नव्यानं शिकायचं.

आणखी एक. नवा टायर पहिले काही दिवस निसरडा असतो. कारखान्यात साच्यातून सुटावा म्हणून त्याला जे लावलेलं असतं त्याचा पातळ थर वर राहतो, आणि रबरही अजून घासलेलं नसतं. पहिले शे-दीडशे किलोमीटर सावकाश चालवायचं, एकदम ब्रेक नाही, वळणावर जास्त कलणं नाही. जमलं तर टायर पावसाळ्याच्या आधी वैशाखातच बदला, म्हणजे मिरगाचा पाऊस येईपर्यंत तो मुरलेला असतो. आम्ही आषाढात बदलला. दूधताईनं पहिले आठ दिवस पाऊस उघडला की झेडपीच्या शाळेच्या मैदानावर आणि मागच्या मोकळ्या रस्त्यावरच गाडी फिरवली. टायर चकचकीत दिसावा म्हणून त्याच्यावर पॉलिश तर कधीच मारू नका.

नवे टायर आले तरी दोन तक्रारी राहिल्या. खड्ड्यातून गेलं की पुढचं हँडल थरथरायचं, आणि कॅन भरून वळण घेतलं की मागचा भाग बैलाच्या शेपटासारखा हलायचा. गटातल्या काही जणी म्हणाल्या, पैसे वाया गेले. पैसे वाया गेले नव्हते, काम अर्धं झालं होतं. टायर रस्त्याला धरून ठेवतो हे खरं. पण टायरला रस्त्यावर दाबून कोण ठेवतं? शॉकअप. चाक जर खड्ड्यानंतर हवेत उडतच असेल तर टायर कितीही नवा असो, हवेत तो काय धरणार?

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात, स्प्रिंग आणि तेल. नुसती स्प्रिंग म्हणजे पाळणा. एकदा झोका दिला की हलतच राहतो. तो थांबवायचं काम तेलाचं. तुम्ही दाट दह्यात रवी फिरवलीत तर ती जड फिरते, पाण्यात फिरवलीत तर सरसर फिरते. शॉकअपच्या आत तेल बारीक भोकांतून जातं, म्हणून स्प्रिंग उडी मारत नाही, सावकाश वर येते. तेल जुनं होऊन पाण्यासारखं पातळ झालं किंवा सील फाटून गळून गेलं, की नुसता पाळणा राहतो. ब्रेक मारला की गाडी पुढं तोंडावर बसते, खड्डा लागला की उडते, उडी संपायच्या आत पुढचा खड्डा येतो. आपल्याकडं पुढचा खड्डा यायला वेळ लागत नाही!

पुढच्या दोन दांड्यांत तेल भरून नवी सील बसवली. त्यानं ब्रेकमध्ये फरक पडला. आधी ब्रेक दाबला की हँडल खाली जायचं, म्हणून दूधताई पुढच्या ब्रेकला घाबरायची आणि सगळा भार मागच्या ब्रेकवर टाकायची. आपल्यातल्या पुष्कळ जणी असंच करतात. पण थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला की ते घसरतं. खिंडीत नेमकं हेच झालं होतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय सक्तीची झाली. आमची गाडी त्याच्या आधीची. तिच्यात दोन्ही ब्रेक आपणच एकदम, हळूहळू दाब वाढवत लावायचे. पुढचा शॉकअप नीट झाल्यावर ते जमायला लागलं, कारण पुढचा भाग आता टेकल्यासारखा बसतो, कोसळत नाही.

मग कोन सेट. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं तो. तो झिजला की हँडल मधोमध अडकतं, सरळ चालवतानाही गाडी डावी-उजवीकडं झोके घेते, आणि आपण हात आवळून धरतो. दूधताईचे खांदे रोज रात्री दुखायचे. आम्ही बाम चोळत होतो. कोन सेट बदलल्यावर आठ दिवसांत बामची बाटली फळीवर गेली.

मागच्या चिमट्याचे बुश बदलल्यावर ते शेपूट हलायचं थांबलं. बैलगाडीच्या कण्यात चाक सैल झालं तर गाडी कशी डुलते, तसंच ते होतं. आणि शेवटी मागचे दोन शॉकअप. जोडीनंच बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही. ते बदलल्यावर पहिल्या दिवशी दूधताईची तक्रार वेगळीच: "गाडी उंच झाली, पाय टेकत नाही, आणि सीट कडक लागते." जुन्या शॉकअपवर गाडी बसून गेली होती, ती आता आपल्या मूळ उंचीला आली. बऱ्याच गाड्यांत शॉकअपच्या स्प्रिंगपाशी खाचांची कडी असते. पान्यानं ती फिरवून स्प्रिंग नरम किंवा कडक ठेवता येते. एकटी असताना नरम, कॅन आणि माणूस असताना कडक. दोन्ही बाजूंना सारखी खाच. ही कडी इतकी वर्षं गाडीला होती, आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती.

आता घरच्या घरी तपासायचं कसं, ते सांगतो. वही-पेन्सिल घ्या. दोघी जणी लागतात, अवजार एकही लागत नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा, इंजिन बंद.

एक, टायर. खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्याच्या सरळ रेषेत बघितलं की उंचवटा सापडतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला की बदलायचा. दुचाकीच्या खाचेची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही असा नियम आहे. पण आपल्या पावसात तिथपर्यंत वाट बघू नका.

दोन, टायरचं वय. कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. समजा २३१९ असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेली गाडी असली तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं, कडेला भेगा पडतात. भेगा दिसल्या की बदला. नवा टायर घेतानाही हे आकडे बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर गळ्यात मारून घेऊ नका. आयएसआय खूण आहे ना तेही बघा.

तीन, पुढचं चाक. एकीनं मागचा भाग दाबून पुढचं चाक उचलावं. दुसरीनं पुढच्या दांड्या खालून धरून पुढं-मागं ओढाव्यात. टक्‌ असं लागलं तर कोन सेट सैल. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट गेला.

चार, मागचं चाक. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं ढकला. खटखट असेल तर बुश किंवा बेअरिंग.

पाच, शॉकअप. गाडी स्टँडवरून खाली घ्या, एकीनं हँडल धरावं, दुसरीनं सीट जोरात दाबून सोडावी. वर येऊन गाडी थांबली पाहिजे. पुन्हा पुन्हा डुलली तर तेल संपलं. पुढच्या चकचकीत दांडीवर तेलाचं कडं दिसलं तर सील फाटलं. ते तेल ब्रेकवर गेलं तर ब्रेकही लागत नाही, म्हणून हे उद्यावर टाकू नका.

सहा, हवा. किती भरायची ते गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तकात असतं. एकटीसाठी वेगळी आणि मागं माणूस-ओझं असताना वेगळी. टायर गार असताना भरायची. पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करा असं कुणी सांगेल, ऐकू नका.

गॅरेजात गेल्यावर काय बघायचं? टायर फिरायची दिशा दाखवणारा बाण कडेला असतो, तो बरोबर बसलाय का. टायरबरोबर ट्यूबही नवी घातली का. मागचं चाक काढून बसवलं की चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेक पुन्हा जुळवलाय का. आणि जुने काढलेले भाग मागून घ्या. आमची ही सवय आता पक्की झालीय. जुनं हातात आलं की नवं खरंच बसलं हे कळतं, आणि काय झिजलं होतं ते बाकीच्या जणींनाही दाखवता येतं. आमच्या बैठकीच्या खोलीत तो गोटा टायर अजून भिंतीला टांगलेला आहे.

पैसे एकदम नसतील तर? आमच्या अनुभवानं आणि मेकॅनिक दादांच्या सांगण्यानं क्रम असा: गोटा झालेला टायर सगळ्यात आधी. मग गळणारं सील. मग कोन सेट आणि बुश. मग मागचे शॉकअप. दुचाकीला रिमोल्ड टायर, कुणाचा काढलेला टायर, स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. आम्ही गटात आता 'गाडीची वही' केलीय. ज्या तिघी गाडी चालवतात त्या महिन्याला शंभर रुपये त्यात टाकतात. वर्षा-दीड वर्षात कुणाचं ना कुणाचं टायरचं निघतं.

आता एक कडू गोष्ट. गाडी सुधारली की वेग वाढतो. दूधताईचाही वाढला होता, ती स्वतः कबूल करते. गाडी इतकी छान वळते, मग हळू कशाला, असं वाटतं. पण वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, नवा टायर असला तरी. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे, रेल्वे फाटकातले रूळ, बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेला लाल चिखल, कडेचं शेवाळ, पहिल्या पावसात वर आलेलं तेल, यांच्यावर कोणताच टायर टिकत नाही. रूळ सरळ काटकोनात ओलांडायचे, त्यांच्यावर ब्रेक लावायचा नाही. एक्सप्रेसवेवर आपल्या दुचाकीला परवानगीच नाही, म्हणून आपण सगळ्या जुन्या हायवेवर ट्रक आणि टेम्पोंच्या संगतीत असतो. शनिवार-रविवार तर पर्यटकांची झुंबड. तिथं मोठ्या गाडीच्या बगलेत शिरायचं नाही. हेल्मेट दोघींनी घालायचं, मागची घरचीच असली तरी. पदर आणि ओढणी खोचून, मागच्या चाकाला जाळी लावून. आणि कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे. एक भरलेला आणि एक रिकामा असा लोंबकळत ठेवला तर शॉकअप कितीही नवे असोत, गाडी कलंडायलाच बघते.

शेवटी काकीचं सांगतो. तिचं मनगट जुळलं, पण थंडीत दुखतं. ती दिवाळीपर्यंत गाडीवर बसली नाही. कुणी आग्रह केला नाही. मग मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दूधताई तांदूळ बांधत होती, तेव्हा काकी आली. गाडीपाशी वाकली. टायरवर हात फिरवला, खाचेत नख घालून बघितलं, मागचं चाक धरून हलवलं, सीट दाबून सोडली. मग हेल्मेट घातलं आणि मागं बसली. खिंडीतल्या त्या वळणावर दूधताईनं आधीच वेग कमी केला, दोन्ही ब्रेक हळू दाबले. गाडी वळली आणि पुढं गेली. काकी म्हणते, "मला वळण आलेलं कळलंच नाही."

किल्ली परत दूधताईच्या कमरेला आहे. तिच्या मालकांनी मागच्या महिन्यात तिलाच विचारलं, "अगं, माझ्या मित्राची गाडी वळणावर दचकते म्हणतो, काय असेल?" ती म्हणाली, "घेऊन या, मधल्या स्टँडवर लावू आणि बघू."

तर मैत्रिणींनो, हे ऐकून झालं की अंगणातल्या गाडीपाशी जा. नवऱ्याची असो, लेकाची असो, तुमची स्वतःची असो. टायरवर एकदा हात फिरवा. जे सापडेल ते पुढच्या बैठकीत सांगा.

नमस्कार.